ग्लव्हची उघडी कड

प्रिय फर्न,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. टूसानचा उकाडा, शेजाऱ्यांचा भुंकणारा कुत्रा, तुझ्या हॅरोल्डचे गुडघे, सगळं दोनदा वाचलं. खाली ताजा कलम टाकून विचारलंयस की माझा म्हातारा हिरो अजून मार खातोय का. आता खात नाही. दोन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी त्याला संघातून काढलं. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मला जे सांगायचंय ते लांबलचक आहे. तेव्हा कॉफी करून घे आणि निवांत बस. शेवटचं पान आधी उघडून बघू नकोस. तुझी ती सवय मला चांगली ठाऊक आहे.

इकडे सगळं ठीक. घेवड्याच्या अठ्ठावीस बरण्या भरून झाल्या. टोमॅटो मात्र यंदा रुसलेत. नदीचं पाणी उतरलंय आणि चर्चच्या छपराचं काम अजून चालूच आहे. पाद्रीबुवा दर रविवारी सांगतात की पुढच्या रविवारपर्यंत संपेल. शाळा सुरू झाली आणि या वर्षीही सकाळी सहाला मला आपोआप जाग आली. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढल्यावर हाडांना निवृत्ती कळत नाही.

आता ऑस्टीचं. तुला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, हे लहानपणापासूनच आहे. बाबा रेडिओ लावायचे तेव्हा तू कानांत बोटं घालून अंगणात पळायचीस. म्हणून थोडक्यात सांगते. खेळ नऊ डावांचा. सुरुवातीचा पिचर दमेपर्यंत चेंडू टाकतो, तो दमला की राखीव पिचर येतात. ते मैदानाच्या कडेला कुंपणालगत एका बाकावर बसलेले असतात, त्या जागेला बुलपेन म्हणतात. त्यांच्यातही मानपान असतो. आपण एका धावेने पुढे असलो की सगळ्यात चांगल्याला बोलावतात, त्याच्यासाठी भोंग्यावर गाणंसुद्धा वाजतं. आणि आपण आठ धावांनी मागे असलो, लोक मोटारींच्या किल्ल्या शोधायला लागले, की ज्याला बोलावतात तो ड्वेन ऑस्टरमन, म्हणजे आमचा ऑस्टी. त्याचं काम एवढंच, की उरलेला मार आपल्या अंगावर घ्यायचा, म्हणजे चांगल्या पिचरांचे हात उद्यासाठी ताजे राहतात. हे काम त्याने आपल्या फेरीमेन संघासाठी नऊ वर्षं केलं. त्याआधी बारा वर्षं अकरा गावांत. मधे एकदा अकरा दिवस मोठ्या लीगमध्येही होता, त्यातल्या एका दिवशी त्याला तीन बॅटरांपुरतं मैदानात पाठवलं होतं. हे मला क्लाइडकडून कळलं, ऑस्टीने कधी तोंडातून काढलं नाही. क्लाइड म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीतला, रेल्वेतून निवृत्त झालेला. जुलैत तू आलीस तेव्हा तुला शेंगदाण्यांची पुडी दिली होती ना, तोच.

मी मैदानावर पहिल्यांदा गेले ती आई गेली त्या उन्हाळ्यात. चर्चने फुकट तिकिटं वाटली होती आणि घरी मला आता कुणाला औषध द्यायचं नव्हतं. आपण बारा-दोन असे मागे होतो. पावसाची भुरभुर सुरू झाली, लोक उठून गेले. मी बसून राहिले, कारण जाऊन करणार काय? तेवढ्यात बुलपेनचं फाटक उघडलं आणि एक टक्कल पडत चाललेला माणूस धावत आत आला. बाकीचे पिचर डौलात चालत येतात. हा धावत आला, कामाला उशीर झाल्यासारखा. पायाने चिखल दाबला, चेंडू शर्टाला पुसला आणि तीन डाव असे टाकले की मॅच बरोबरीत आहे असं वाटावं. टाळ्या वाजवायला मी आणि क्लाइड, दोघंच. मॅच संपल्यावर त्याने कॅचरचा, म्हणजे त्याचे चेंडू झेलणाऱ्याचा, हात हातात घेतला, पोरांनी बाकावर टाकलेले टॉवेल गोळा केले आणि गेला. मी तिथेच बसून रडले, फर्न. आईचं शेवटची दोन वर्षं सगळं केलं तेव्हा टिपूस काढलं नव्हतं. खेळ हरलेलाच होता, तरी तो माणूस नीट खेळत होता. मला त्याच्याबद्दल आदर वाटला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा थोडा स्वतःबद्दलही.

तेव्हापासून माझी खुर्ची ठरलेली आहे. बुलपेनच्या अलीकडच्या टोकाला, पहिली रांग, तिसऱ्या बेसपासून, म्हणजे धावणारे थांबतात त्या तिसऱ्या कोपऱ्यापासून, हाकेच्या अंतरावर. तुम्ही लोकांनी मला त्यावरून चिडवलंत, इथेही चिडवतात. क्लाइड तर मला मिसेस ऑस्टरमन म्हणतो. खऱ्या मिसेस ऑस्टरमन मिसुरीत असतात, दर जूनमध्ये येतात आणि माझ्याकडून सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी घेऊन जातात. तेव्हा त्यात काही नाही. मला तो आवडतो, हे मी लपवत नाही. एखाद्या माणसाचं काम आवडावं तसा.

आमच्या रांगेचा एक नियम आहे. कुंपणाला जाळी आहे आणि पिचर जाळीपलीकडे हातभर अंतरावर बसतात, त्यामुळे बोलणं होतंच. हवापाणी, बायकापोरं, सँडविच, कुणाच्या गाडीचा आवाज कसा येतोय, सगळं चालतं. चेंडूबद्दल मात्र चकार शब्द काढायचा नाही. आज हात कसा आहे, हेसुद्धा विचारायचं नाही. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण दोन वर्षांपूर्वी एका विमा एजंटाने तो मोडला आणि एका पोराला कोपर वर घे म्हणून सांगितलं, तेव्हापासून त्याच्याशी कुणी बोलत नाही. पाद्रीबुवांना प्रवचन कसं करावं ते आपण सांगत नाही, तसंच हे. नऊ वर्षांत मी ऑस्टीला चेंडूबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

या वर्षी मे महिन्यातच त्याने मला सांगितलं की हा शेवटचा उन्हाळा. एक्केचाळीस पूर्ण झाली. सासऱ्यांचं घरं गरम ठेवायच्या भट्ट्या दुरुस्त करायचं दुकान आहे, ऑक्टोबरपासून तिथे जाणार. जाळीला टेकून मला म्हणाला, “मिस लव्हॉन, मला एवढंच हवंय. शेवटच्या दिवशी टोपी काढायची आणि आपल्या पायांनी बाहेर जायचं. आजवर अकरा गावांतून मला काढलंय. एका गावातून तरी मी स्वतः निघावं.” आमच्यासारख्या छोट्या संघांत काढणं म्हणजे काय, ते तुला माहीत नसेल. दुपारी मॅनेजर खोलीत बोलावतो आणि संध्याकाळच्या मॅचला त्याच खुंटीवर दुसऱ्याचा शर्ट लटकलेला असतो. निरोपसमारंभ वगैरे काही नाही. आणि आमचा मॅनेजर गस टेलफोर्ड काही दुष्ट नाही, पण त्याच्याकडे बावीस जागा आहेत आणि दाराशी चाळीस पोरं उभी आहेत.

जूनपर्यंत सगळं बरं होतं. मग मार बसायला लागला. ऑस्टीच्या चेंडूला वेग कधीच फारसा नव्हता आणि आता तर तो जवळजवळ नव्हताच. त्याचं पोट भरायचं ते एका हळू चेंडूवर. हात तसाच जोरात फिरतो, चेंडू मात्र रेंगाळत येतो, आणि बॅटर बिचारा आधीच बॅट फिरवून मोकळा झालेला असतो. हा चेंडू जोराचा की हळू, हे चेंडू सुटेपर्यंत कळता कामा नये, सगळी गंमत त्यातच आहे. पण या उन्हाळ्यात बॅटर जणू त्याची वाटच बघत उभे असायचे. तू आलीस त्या संध्याकाळी सहा जणांनी ओळीने फटके मारले. तू हसलीस आणि म्हणालीस, हा माणूस रिटायर का होत नाही. मला राग आला होता, पण तू पाहुणी होतीस, म्हणून गिळला.

तू गेल्यावर पुढच्या आठवड्यात, एका बुधवारी, मी आईची पक्षी बघायची दुर्बीण घेऊन गेले. का नेली ते मलाही सांगता येणार नाही. कुठे बिघडलंय ते बघावं, एवढंच मनात होतं. मिक्सर बिघडला की आपण आधी वायर बघतो ना. ऑस्टी चेंडू टाकायच्या आधी तिसऱ्या बेसकडे, म्हणजे माझ्याकडे तोंड करून उभा राहतो. दोन्ही हात पोटाशी, चेंडू ग्लव्हमध्ये लपवलेला. तिसऱ्या की चौथ्या बॅटरला मला ते दिसलं. हळू चेंडू टाकायचा असला की चेंडू तळहातात खोल बसवावा लागतो, आणि त्यासाठी त्याची बोटं आत चाचपडायची. तेवढ्यात ग्लव्हची करंगळीकडची कड उघडायची, बोटभर. जोराचा चेंडू असला तर कड मिटलेली. मी दुर्बीण खाली ठेवली आणि क्षणभर वाटलं की मी उगाच काहीतरी बघतेय.

मग कान टवकारले. तिसऱ्या बेसपाशी समोरच्या संघाचा कोच उभा असतो, तोही ऑस्टीच्या अगदी समोर. तो आपल्या बॅटरला ओरडून धीर देत असतो, सगळेच देतात, त्यात विशेष काही नाही. पण त्या दिवशी कड उघडली की तो म्हणायचा, “चल गड्या, चल गड्या.” आणि कड मिटलेली असली की बॅटरचं नाव घ्यायचा. “चल रेमंड.” दर वेळी, न चुकता. मी मॅचच्या कार्यक्रमपत्रिकेवर पेन्सिलने खुणा केल्या. वीस चेंडूंत एकोणीस वेळा मला आधी कळलं. मला कळलं तर त्यांनाही कळत होतं आणि बहुतेक ते गावोगावी एकमेकांना सांगत होते. आमच्या माणसांना कसं दिसलं नाही म्हणशील, तर गस आणि त्याचा संघ बसतो पलीकडे, पहिल्या बेसच्या बाजूला, त्यांना ऑस्टीची पाठ दिसते. कॅचर नवा, कोवळा पोरगा, त्याला चेंडू पकडतानाच घाम फुटायचा. आणि बुलपेनमधल्या बाकीच्या पिचरांचं लक्ष प्रेक्षकांतल्या मुलींकडे.

मी घरी आले आणि काही बोलले नाही. पुढची मॅच, त्याच्या पुढची मॅच, दुर्बीण घेऊन गेले आणि गप्प बसले. शेवटी क्लाइडला सांगितलं. त्याने स्वतः दुर्बिणीतून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि परत दिली. “खरं आहे,” म्हणाला. मग म्हणाला, “पण लव्हॉन, तू शाळेत एकतीस वर्षं बटाटे वाढलेस. त्याने एकवीस वर्षं चेंडू टाकलाय. तू त्याला जाऊन सांगणार, की बाबा रे, तुझा ग्लव्ह चुकतोय?” तो टोमणा नव्हता, क्लाइडला खरंच प्रश्न पडला होता. मलाही पडला. म्हातारी बाई, हातात पक्ष्यांची दुर्बीण, आणि चालली पिचरला शिकवायला. त्याला अपमान वाटला तर? नऊ वर्षांत जे काही जोडलं होतं ते त्या एका वाक्यात गेलं तर? आणि मनात दुसरंही एक होतं. आज ना उद्या कुणाच्या तरी लक्षात येईलच. कोच आहेत, मॅनेजर आहे, पगार घेणारी माणसं आहेत. आपण कशाला पुढे व्हायचं?

असे तीन आठवडे गेले. मी माझ्या खुर्चीत बसून त्याला मार खाताना बघत होते आणि का खातोय ते मला माहीत होतं. तो अजूनही धावतच यायचा. एका रविवारी दुपारी बाकीचे पिचर दमले होते म्हणून पुढे असतानाही त्याला आणलं, आणि दोन धावांची आघाडी त्याच्या हातून गेली. बाहेर येताना लोकांनी हुर्यो केली, तेव्हा त्याने टोपी खाली ओढली. ते मी त्याच्या बाबतीत कधी पाहिलं नव्हतं. त्या रविवारी ठरवलं, आता सांगायचं. सोमवार-मंगळवार मॅच नव्हती. बुधवारी आणि गुरुवारी धीर झाला नाही. शुक्रवारी आम्ही संघाच्या मित्रमंडळातल्या बायका तीन वाजता मैदानावर जातो, कार्यक्रमपत्रिकांमध्ये जाहिरातीचे कागद घालायला. म्हटलं, लोक यायच्या आत, जाळीपाशी एकट्याला गाठू.

तो आला तो साध्या शर्टात. खांद्यावर बॅग होती. मला वाटलं, लवकर आलाय. जाळीपाशी उभा राहून म्हणाला, “मिस लव्हॉन, निघण्याआधी तुम्हाला भेटून जावं म्हटलं. गसने मघाशी बोलावलं होतं.” पुढे काही सांगायची गरज नव्हती. सीझनचे तेवीस दिवस उरले होते. मी काय बोलले असेन असं तुला वाटतं? वाईट झालं, देव तुझं भलं करो, असलं काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, “तुझा ग्लव्ह उघडतो.” आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं सांगितलं. कड, कोच, रेमंड, एकोणीस वेळा, सगळं.

तो ऐकत राहिला. मग बॅग खाली ठेवली, आतून ग्लव्ह काढला, चेंडू काढला आणि बुलपेनच्या त्या मातीच्या उंचवट्यावर रस्त्यावरच्या बुटांनी जाऊन उभा राहिला. समोर कुणी नव्हतं, लाकडी भिंत फक्त. मला म्हणाला, ओळखा. मी ओळखलं. हळू. जोरात. जोरात. हळू. सात चेंडू टाकले, सातही बरोबर आले. आठव्याला त्याने ग्लव्ह छातीशी घट्ट दाबला आणि मला काहीच कळलं नाही. नवव्यालाही नाही. तो हसला, फर्न. अंगातलं ओझं उतरल्यावर माणूस हसतो तसा. जाळीपाशी आला आणि म्हणाला, “मला वाटलं हात संपला. गेला महिनाभर रोज फोनवर बायकोला सांगतोय, हात संपला म्हणून. हात चांगला आहे की.” मग ग्लव्ह बॅगेत टाकत, मान वर न करता त्याने विचारलं, “कधीपासून दिसत होतं तुम्हाला?”

मी खोटं बोलू शकले असते. कालच दिसलं म्हणाले असते तर त्यालाही बरं वाटलं असतं आणि मलाही. मी म्हणाले, तीन आठवडे. त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आणि हेच मला जास्त लागलं. “तीन आठवडे,” तो म्हणाला. “आणि तुम्ही इथेच बसला होता ना? रोज?” मी हो म्हणाले. मला तुझा मान राखायचा होता, असंही काहीतरी पुटपुटले. तो म्हणाला, “मान काय, मला शेवटचा दिवस हवा होता.” मग जाळीतून दोन बोटं घालून माझ्या बोटांना हात लावला आणि आता तरी सांगितलंत म्हणून आभार मानले. मनापासून मानले, ते मला कळतं. हात संपला नव्हता, हे घेऊन तो घरी गेला, तेही काही थोडं नाही. संध्याकाळी त्याच्या खुंटीवर कुणा बावीस वर्षांच्या पोराचा शर्ट होता. मी मॅच बघितली नाही. क्लाइडने मला घरी सोडलं, वाटेत तो एकदाही मिसेस ऑस्टरमन म्हणाला नाही.

मी नंतर गसच्या खोलीतही गेले होते, सोमवारी. सगळं सांगितलं. त्याने डोकं धरलं आणि म्हणाला की आता नव्या पोराचा करार झालाय, त्याला कुठे टाकू. बरोबर आहे त्याचं. मी त्याच्याशी भांडायला गेले नव्हते. मला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं की चूक माझी आहे, आणि तो म्हणाला नाही. म्हणून मीच म्हणतेय.

गेल्या दोन आठवड्यांत मी झोपताना, उठताना, घेवडा निवडताना एकाच गोष्टीचा विचार केला, आणि ती ऑस्टीची गोष्ट नाही. तुला आठवत असेल, आईला कंपवात आहे असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाहेर मोटारींपाशी तू मला विचारलं होतंस, “तायडे, तू रोज तिच्याबरोबर असतेस. तुला काहीच दिसलं नाही?” मी म्हणाले होते, नाही. तू परत विचारलं नाहीस, पण तेव्हापासून आपण दोघी एकमेकींशी जरा जपूनच बोलतो. फर्न, मला दिसलं होतं. दीड वर्षं आधी दिसलं होतं. चर्चला जाताना तिचा एक हात चालताना हलायचाच नाही, खिळून ठेवल्यासारखा कुशीला लागलेला असायचा. मग कांदा चिरायला तिला दुप्पट वेळ लागायला लागला. मी एकदा विचारलं तर म्हणाली, खांदा धरलाय, आणि तिचा चेहरा असा झाला की मी पुन्हा विचारलं नाही. मानी बाई होती. म्हटलं, तिचा मान राखावा. म्हटलं, डॉक्टर आहेत, त्यांच्या लक्षात येईलच. आधी कळलं असतं तर आई वाचली असती असं नाही, ते मलाही माहीत आहे. पण औषध लवकर सुरू झालं असतं, आणि ती दीड वर्षं स्वतःला आळशी, निकामी म्हणत राहिली ते तरी म्हणाली नसती. मी तुझ्याशी खोटं बोलले. चौदा वर्षं झाली. माफ करायचं की नाही ते तू ठरव, त्यासाठी मी थांबेन. पण पुढचं आत्ताच वाच.

जुलैत मॅच संपल्यावर तू आणि क्लाइड पुढे चालत होतात, मी मागे होते. तुझा उजवा हात पुढेमागे होत होता. डावा होत नव्हता. त्यात पर्स नव्हती, काही नव्हतं. म्हटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशी बाजारात मी मुद्दाम दोन पावलं मागे राहिले. विमानतळावरही. तिन्ही वेळा डावाच. आणि मी तुला मिठी मारली, पोचल्यावर फोन कर म्हणाले आणि घरी आले. सात आठवडे होऊन गेले. नऊ वर्षं मी माणसांचे हातच बघत आलेय, त्यामुळे मला भास झाला असं म्हणू नकोस. खांदाच असेल, तसं असेल तर मला जन्मभर चिडव, मी ऐकून घेईन. पण हाडाच्या डॉक्टरकडे नको, मेंदूच्या डॉक्टरकडे जा आणि आईचं सगळं त्याला सांग. तू म्हणशील त्या दिवशी मी विमानात बसते, एकटीने प्रवास करायला मी घाबरते हे तुला माहीत आहे, तरी बसते. आधी एक कर. आजच हॅरोल्डला बरोबर घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत जा, त्याला तुझ्या मागून चालायला सांग आणि विचार की काय दिसतं. कुठला हात, ते त्याला सांगू नकोस.

या वेळी गप्प न बसलेली,
तुझीच तायडी,
लव्हॉन